पहिली-दुसरीच्या मुलांच्या शिकण्यात घरच्या माणसांना कसे सामील करून घ्यावे?

प्रश्न : पहिलीच्या बाई, जि. बीड

नमस्कार. मी पाटोदा तालुक्यातील एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळते. दोन्ही वर्ग मिळून 23 मुले आहेत. त्यांपैकी 14 मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. पूर्वी जवळजवळ सगळीच मुले टोळीबरोबर जात असत. आता हंगामी वसतिगृहामुळे बरीच मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात, तरीही दरवर्षी चार-पाच मुले जातातच, कारण मागे ठेवावे असे घरी कोणी नसते. म्हणजे माझ्या वर्गाच्या निम्म्या वर्षासाठी ‘पालक’ या शब्दाचा अर्थ आजी असा होतो, आणि त्या आज्यांपैकी बहुतेकींनी शाळेची पायरी कधी चढलेली नाही.

पालकसभेला चार-पाच जण येतात, सही किंवा अंगठा करतात, मुलाविषयी दोन वाक्ये ऐकतात आणि “बाई, मारलं तरी चालंल, पण शिकवा” असे म्हणून निघून जातात. व्हॉट्सअॅपचा गट कोरोनाच्या काळात केला होता, तो अजून आहे. परंतु फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील कारखान्यावर असतात. शाळा व्यवस्थापन समिती नियमाप्रमाणे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, तशा त्या आहेत. पण समितीच्या बैठकीत कुंपणभिंत, पाण्याची टाकी आणि पोषण आहार याखेरीज काही बोलले जात नाही. मूल वाचायला कसे शिकते, हा विषय मी एकदा काढला, तेव्हा सगळ्यांनी अतिशय आदराने मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. गेल्या वर्षी मी पहिलीच्या मुलांना रोज एक पान घरी वाचायला देत होते आणि ‘घरच्यांनी ऐकून सही करावी’ असे सांगत होते. काही दिवसांनी एका मुलाची आजी मला ओढ्याच्या वाटेवर भेटली. ती म्हणाली, “बाई, मला वाचाया येत नाही. पोरगं वाचतंय ते खरं का खोटं, मला कसं कळावं?” मी तिची समजूत काढण्याचा प्रयत्न केला, पण माझ्याकडे खरोखर उत्तर नव्हते. त्यानंतर ती शाळेसमोरचा रस्ता सोडून बांधावरून जाऊ लागली. मी तिला काम दिले नव्हते, तिच्यात काय कमी आहे ते तिला रोज दाखवून देत होते, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. ज्या घरात कोणी वाचणारे नाही, किंवा जे आहे ते सहा महिने गावाबाहेर आहे, त्या घराकडून मी नेमके काय मागावे, की ज्यामुळे मुलाच्या वाचण्याला आणि गणिताला खरोखर मदत होईल? पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला लोक येतात, ते मला हवेच आहे, पण मी त्याविषयी विचारत नाही. रोजच्या शिकण्याविषयी विचारते आहे.


प्रतिसाद 1 : निवृत्त मुख्याध्यापक, डहाणू

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझी सारी नोकरी डहाणू आणि तलासरी भागातील पाड्यांवर गेली, त्यामुळे ऊसतोडीचा अनुभव मला नाही. परंतु वीटभट्टीसाठी घरे रिकामी होताना मी दरवर्षी पाहिली आहेत.

आमच्या भागाचा थोडा इतिहास आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी ज्या मुलांसाठी ती उघडली होती ती येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे जिथे मुले गुरांमागे असतात तिथेच शिक्षक जाऊन बसला. 1975 मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. नाव सगळीकडे पोहोचले, पण त्यामागची चाल आपण शिक्षकांनी फारशी उचलली नाही. अंगणात भरणाऱ्या वर्गाभोवती आई, आजी, धाकटे भावंड सगळे आपोआप असत, त्यांना वेगळे बोलावणे धाडावे लागत नसे. आपण मात्र वर्ग चार भिंतींत घेतो आणि मग त्याच माणसांना चिठ्ठी पाठवून सभेला बोलावतो.

मी स्वतः पहिली तीन वर्षे घरी फक्त तक्रार घेऊन जात असे. मूल चार दिवस आले नाही की जायचे, कारण विचारायचे, समज द्यायची. पाड्यावर मी दिसलो की लोक बाजूला होत. एका वडीलधाऱ्या शिक्षकाने मला सांगितले की, पुढचे तीन महिने हजेरीचा विषय काढायचा नाही आणि हातात वही घ्यायची नाही, नुसते जाऊन बसायचे. मी तसे केले. लोक बोलू लागले आणि मला कळले की, ज्या घराला मी ‘अशिक्षित’ म्हणत होतो, तिथे रात्री गोष्टी सांगितल्या जातात, झाडांची आणि पाखरांची नावे मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि मुलाची बोली माझ्या पुस्तकातील मराठीहून इतकी निराळी आहे की पहिलीतील पोर माझे अर्धे बोलणे अंदाजाने समजून घेत आहे.

आता तुमच्या त्या आजीविषयी. तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मूल वाचते ते खरे की खोटे, हे तिला कळत नाही, याचे कारण ते पान तिच्या ओळखीचे नाही. मग तिच्या ओळखीचे पान तयार करावे. आम्ही पुढे असे करत असू : मुलाने घरून एक गोष्ट किंवा घडलेला प्रसंग ऐकून यायचे, वर्गात तो आपल्या भाषेत सांगायचा, आणि आम्ही त्यातील चार-पाच वाक्ये मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. तोच त्या दिवसाचा वाचनपाठ. सगळा वर्ग ती वाक्ये वाचतो, त्यातील शब्द शोधतो, एखादे अक्षर दुसऱ्या कोणत्या शब्दात आहे ते पाहतो. नंतर तीच वाक्ये जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मुलाबरोबर घरी जातात. घरी तो कागद वाचला जातो तेव्हा आजीला अक्षर येत नसले तरी गोष्ट तिचीच असते, त्यामुळे मूल कुठे अडखळले, कुठे अंदाजाने भलतेच बोलले, हे तिला लगेच कळते. तपासणारी ती होते, आणि तिच्या तपासण्यात लाज वाटावे असे काही राहत नाही.

यात एक पथ्य आहे. मुलाने सांगितलेले वाक्य आपण ‘शुद्ध’ करून लिहायचे नाही. पहिल्या सत्रात तर नाहीच. पुस्तकी रूप पुढे शेजारी लिहिता येते, आणि दुसरीतील मुले दोन्ही रूपांची तुलना फार आवडीने करतात. पण पहिल्याच दिवशी आपण त्यांचे शब्द बदलले, तर कागद पुन्हा आपला होतो, त्यांचा राहत नाही.


प्रतिसाद 2 : एक पालक, चाकण

मी शिक्षक नाही. मूळचा लातूर जिल्ह्यातील, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि माझा मुलगा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकतो. पालकांच्या बाजूने दोन शब्द लिहावेत असे वाटले.

सभा सकाळी अकराला असते. मी कंत्राटी कामगार आहे. रजा टाकली की त्या दिवसाचा पगार जातो, आणि महिन्यात दोनदा टाकली की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. तरीही मुलगा पहिलीत असताना मी एकदा गेलो. आधीच्या एका शाळेत सर्व पालकांसमोर एकेका मुलाचे नाव घेऊन ‘याचे वाचन कच्चे आहे, घरी लक्ष द्या’ असे सांगितले गेले. माझा मुलगा माझ्याशेजारी उभा होता. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही बोललो नाही. ‘घरी लक्ष द्या’ म्हणजे मी काय करावे, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. माझी बारावी झालेली आहे, मला वाचता येते. तरी पहिलीतील मुलाला वाचायला शिकवणे ही निराळी गोष्ट आहे. मी त्याला बाराखडी पाठ करायला बसवले, तो रडला, मी रागावलो. असे दोन आठवडे चालले.

आताच्या शाळेतील मॅडम आठवड्यातून तीन वेळा एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवतात. त्यात एवढेच असते की आज वर्गात आपण अमुक केले आणि घरी मुलाला हा एक प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, “आज आम्ही पाने गोळा करून त्यांचे गट केले. गट कशावरून केले ते त्याला विचारा, आणि आणखी कशावरून करता आले असते तेही विचारा.” मी दुसऱ्या पाळीहून आलो की तो झोपलेला असतो, म्हणून सकाळी त्याला शाळेत सोडताना मी तो प्रश्न विचारतो. सात-आठ मिनिटांची वाट आहे. त्या वाटेवर तो जितके बोलतो तितके दिवसभरात बोलत नसेल. मी काही शिकवत नाही, फक्त विचारतो आणि ऐकतो. परंतु त्याला आता ठाऊक आहे की शाळेत काय चालते ते बाबांना माहीत आहे.

बाई, तुमच्याकडील पालकांविषयी मला एवढेच सांगायचे आहे की, ते मान डोलावून निघून जातात ते बेपर्वाईने नव्हे. काय करायचे ते नेमके सांगा, आणि ते दहा मिनिटांत होईल असे सांगा. आणि कधीतरी काही चुकलेले नसतानाही निरोप धाडा. वडील कारखान्यावर असले तरी रात्री कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर, फोन लागतो. मुलाने त्या कागदावरची चार वाक्ये फोनवर वाचून दाखवली, तर ते वडील दुसऱ्या दिवशी फडात सगळ्यांना सांगतील, याची मला खात्री आहे.


प्रतिसाद 3 : प्राथमिक शिक्षिका, माण तालुका, जि. सातारा

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून पटले. गुरुजींच्या एका मुद्द्याला मात्र थोडी पुस्ती जोडते. घरोघरी जाऊन बसणे उत्तमच. पण द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिकेकडे दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे असतात, आणि बहुतेक जणी दुसऱ्या गावाहून येऊन-जाऊन करतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वस्तीवर थांबणे सगळ्यांना शक्य नसते. म्हणून आम्ही उलट वाटही ठेवली आहे. दर शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धा तास एक घरचे माणूस वर्गात येते आणि रिकाम्या हाताने येत नाही, रोजच्या कामातील काहीतरी घेऊन येते.

गणितासाठी याचा किती उपयोग होतो ते मी पहिल्यांदा एका आजीकडून शिकले. मी तिला फक्त घरची जुनी मापे घेऊन यायला सांगितले होते. ती पायली, अधोली, शेर, मापटे आणि चिपटे असा सगळा संच डोक्यावर पाटीत घालून आली आणि बरोबर ज्वारीही आणली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मुले एकामागून एक येऊन भरत होती, ओतत होती आणि दर वेळी दोनच लागतात हे त्यांना स्वतःच दिसले. मग एका मुलीने विचारले, “आजी, पायलीत चिपटी किती?” आजीने उत्तर दिले नाही, ती म्हणाली, “मोज की.” मुलांनी सोळा चिपटी मोजून पायली भरली. दुप्पट आणि निमपट हे शब्द मी नंतर फळ्यावर लिहिले, पण अर्थ तोवर मुलांच्या हातात आलेला होता. दुसरीच्या मुलांबरोबर मी तोच धागा पुढे महिनाभर ओढला. लिटर आणि किलोग्रॅमकडे जाताना त्यांना मापनाची कल्पना नव्याने द्यावी लागली नाही.

मी त्या आजीला आधी काय सांगितले होते तेही लिहिते, कारण ते महत्त्वाचे आहे. उत्तर सांगू नका, मुलांना करू द्या, एवढेच सांगितले होते. हे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. एक आजोबा वर्गात येऊन मुलांना उभे करून पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) विचारू लागले आणि ज्यांना आली नाही त्यांना बोलू लागले. त्यांच्या काळी शाळा तशीच होती, त्यांचा दोष नाही. मी मध्ये पडून विषय त्यांच्या शेळ्यांकडे नेला. मग ते कळपातील पाटी (शेळीची मादी पिल्ले) आणि बोकड वेगवेगळे मोजायला मुलांना शिकवू लागले आणि तास सावरला. तेव्हापासून मी येणाऱ्या माणसाशी आदल्या दिवशी पाच मिनिटे बोलते. ते टाळू नये.

घर आणि वर्ग यांचा सांधा जुळला नाही की काय होते, याचे उदाहरण आपण सगळ्यांनी 2019 मध्ये पाहिले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असेही संख्यावाचन आले. त्यामागचे कारण योग्य होते. मराठीत आपण सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, त्यामुळे 27 च्या जागी 72 लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. एकोणतीस म्हणताना तर मुलाला ‘तीस’ ऐकू येते आणि लिहायचे असतात 29. पुस्तकाने जुने वाचन काढून टाकले नव्हते, दोन्ही दिले होते. तरी मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. त्या वेळी माझ्या वर्गातील एका मुलाची आई तावातावाने आली आणि म्हणाली, “आमच्या पोराला आकडे बिघडवून शिकवताय का?” मी तिला बसवले, समोर दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवल्या आणि विचारले की यात आधी काय दिसते. ती म्हणाली, “दोन गठ्ठे.” मग मी तिच्या मुलाच्या वहीतील 72 दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ह्यो ऐकतोय तसं लिहितोय.” मी वर्षभर जे सांगू शकले नसते ते तिने एका वाक्यात सांगितले. पुढच्या सोमवारी मी आठ आयांना बोलावून त्याच काड्या मांडल्या. वाद माझ्या शाळेपुरता तिथेच संपला. मला अजून वाटते की पुस्तक मुलांच्या हाती पडण्याआधी असे अर्ध्या तासाचे बोलणे गावोगाव झाले असते, तर इतका गदारोळ झाला नसता.

बाई, तुमच्या समितीपुढे ‘मूल वाचायला कसे शिकते’ हा विषय तोंडी मांडू नका. कुंपणभिंतीचा विषय संपला की एका मुलाला आत बोलवा आणि त्याला त्याच्या घरची गोष्ट वाचू द्या. त्यानंतर जे बोलणे सुरू होईल ते शिकण्याविषयीच असेल.


प्रतिसाद 4 : अंगणवाडी सेविका, जि. अहिल्यानगर

बाईंना एक गोष्ट सुचवते. तुमच्या पहिलीतील मुले कालपर्यंत अंगणवाडीत होती. त्यांची आई गरोदर असल्यापासून आम्ही त्या घरी जातो. कोणत्या घरी कोण बोलते, कोणती सासू सुनेला बाहेर जाऊ देत नाही, कोणत्या मुलाला कोण सांभाळते, हे आम्हाला माहीत असते. तरी शाळेतील शिक्षक आमच्याकडे फक्त दाखलपात्र मुलांची यादी मागायला येतात.

‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात 2022 पासून मातांचे गट केले जातात आणि त्यांना घरी करून घेण्याच्या कृतींची चित्रे दिली जातात. आमच्या गावात मेळावा झाला की गट विसरला जात असे. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही तो चालू ठेवला. पाच-सहा आया, एक थोडी शिकलेली, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी ओट्यावर. चिंचोके, बांगड्यांचे तुकडे, ज्वारीची कणसे, एवढेच साहित्य. ज्या आया ऊसतोडीला जातात त्यांतील दोघी एकाच टोळीत होत्या. त्यांनी कोपीवरसुद्धा मुलांना चिंचोक्यांनी खेळायला लावले, असे परत आल्यावर सांगितले. दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधणारी बाई रात्री हे करते, हे लक्षात ठेवून तिच्याकडे मागावे. तिच्या अंगावर आणखी एक काम टाकले असे तिला वाटू नये.


प्रतिसाद 5 : पहिलीच्या बाई, जि. बीड (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर लिहायला दोन महिने लावले, कारण आधी करून पाहायचे होते.

गुरुजींनी सांगितलेली गोष्टींची रीत मी श्रावणात सुरू केली. 23 पैकी 16 घरांतून काही ना काही आले. मी परीकथांची अपेक्षा केली होती, पण आल्या त्या बहुतेक खऱ्या हकिकती : विहिरीत पडलेली शेळी, रात्री ट्रॅक्टर उलटला तेव्हाचा प्रसंग, आईच्या माहेरची जत्रा. आणि बांधावरून जाणाऱ्या त्या आजीची गोष्ट आली. ती 1972 च्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या नातवाने सांगितलेले मी जसेच्या तसे फळ्यावर लिहिले :

आजी बारकी होती. पाऊस आला नाही. आजी खडी फोडाया गेली. तिला सुकडी मिळाली. आजीनं सुकडी घरी आणली.

त्या दिवशी वर्गात सुकडी (दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारे कोरडे, पौष्टिक खाणे) म्हणजे काय, खडी कशासाठी फोडायची, आजीला हाताला लागले का, असे इतके प्रश्न निघाले की गणिताचा तास त्यातच गेला. कागद घरी गेला. तिसऱ्या दिवशी आजी स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत आली. ती म्हणाली, “त्यानं ‘माती टाकाया गेली’ वाचलं. म्या म्हणलं, माती न्हाई रं, खडी. परत बघ.” मुलाने परत पाहिले आणि ‘ख’ ओळखला. अंदाजाने वाचणे थांबवून अक्षराकडे परत पाहायला लावणे, हे मी वर्गात रोज करण्याचा प्रयत्न करते, आणि तिने ते मला न विचारता केले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. सात घरांतून काहीच आले नाही, त्यांपैकी तिघांकडे मी गेले, चौघांकडे अजून जाणे झालेले नाही. समितीतील एका वडिलांनी उघडपणे आक्षेप घेतला की, “आमचीच बोली शिकवायची तर पोरगं शाळेत कशाला घालायचं? त्याला पुस्तकातलं आलं पाहिजे.” त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. बोलीमुळे आपल्याला हसले गेले, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतलेला आहे. मी दुसरीच्या मुलांनी शेजारी-शेजारी लिहिलेली दोन्ही रूपे त्यांना दाखवली, ‘फोडाया’ आणि ‘फोडायला’. त्यांनी ती वाचली आणि “वर्षाच्या शेवटी बघू” एवढेच म्हणाले. मला तेवढे पुरेसे आहे.

सातारच्या बाईंची मापेही आणवली. आमच्याकडे चिपटे कोणाच्याच घरी मिळाले नाही, शेर आणि पायली मात्र मिळाली, आणि चिपट्याच्या मापाचा डबा मुलांनी स्वतः कापून तयार केला. चाकणच्या दादांचा एक मिनिटाचा निरोप मी आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाठवते. आमच्या सेविकाताईंना मातांच्या गटाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली आणि तासभर बोलल्या.

आता टोळ्या निघायला महिनाभर राहिला आहे. यंदा पाच मुले जाणार, हे जवळजवळ नक्की झाले आहे. त्यांच्यासाठी मी प्रत्येकी दहा-बारा कागदांची एक शिवलेली वही करते आहे, त्यात त्यांच्या घरच्या गोष्टी आणि वर्गातील इतर मुलांच्या गोष्टी असतील, आणि शेवटची आठ पाने कोरी ठेवणार आहे, म्हणजे कोपीवर ऐकलेले त्यांना चित्रात किंवा शब्दांत टाकता येईल. दोन आयांनी वही पावसापाण्यापासून जपायला खताच्या पोत्याची पिशवी शिवून द्यायचे कबूल केले आहे. सेविकाताई, तुमच्याकडील त्या दोघी ज्या टोळीत होत्या, तिथे मुलांजवळ दिवसा कोण थांबत असे, हे त्यांना विचारून कळवाल का? वही कोणाच्या हाती द्यावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.


प्रतिसाद 6 : अंगणवाडी सेविका, जि. अहिल्यानगर

विचारले. दिवसा कोपीवर नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण थांबत असे. तीच धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते आणि भाकरीसुद्धा करते. वही तिच्या हाती द्या, पण तिच्यासाठीही एक वेगळी वही करा. तिचीही शाळा तेवढ्याच महिन्यांसाठी बुडते.